आमच्या फाट्याची टीम

कॅनडातल्या क्लायंटने विचारलं, ‘तुमच्या गावाची टीम कोणती?’ मी म्हटलं, खो-खोची. मग सांगत बसले...

संध्याकाळी साडेसातचा कॉल. ज्यांचा क्लायंट तिकडचा आहे त्यांना हा सीन वेगळा सांगायला नको. आपल्याकडे घरी जायची वेळ, त्यांच्याकडे पहिली कॉफी. दोघंतिघं अजून जॉइन व्हायचे होते आणि पलीकडचा मॅनेजर नुसताच स्क्रीनकडे बघत होता. त्याच्या मागच्या भिंतीवर एक जर्सी टांगलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ही कुठल्या टीमची? बस्स! पुढची पंधरा मिनिटं डिफेक्ट लिस्ट बाजूला राहिली.

त्याचं गाव स्विफ्ट करंट. कॅनडाच्या सास्कॅचवान प्रांतात, जेमतेम सोळा-सतरा हजार वस्तीचं. गव्हाची शेतं, मधून जाणारा हायवे, आणि गावाची ज्युनिअर आइस हॉकी टीम : ब्रॉन्कोस. सोळा ते वीस वर्षांची पोरं. गावात घरोघरी राहतात, शिकतात, खेळतात. १९६७ मध्ये टीम सुरू झाली. १९७४ मध्ये परवडेना म्हणून दुसऱ्या शहरात गेली. १९८६ मध्ये गावाने ती परत आणली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला मॅचला निघालेली टीमची बस बर्फावरून घसरली आणि चार खेळाडू गेले. जेमतेम अडीच वर्षांनी, १९८९ मध्ये, याच टीमने मेमोरियल कप जिंकला, म्हणजे कॅनडातल्या ज्युनिअर हॉकीचा सर्वांत मोठा कप. फायनलला ओव्हरटाइममध्ये ४-३!

मी भारावून ऐकत होते. तेवढ्यात त्याने विचारलं, ‘अँड युअर टाउन? यू हॅव अ टीम?’

मी पटकन ‘हो’ म्हणून बसले.

माझं टाउन म्हणजे वडीगोद्री. तालुका अंबड, जिल्हा जालना. टाउन म्हणणं जरा जास्तच होतं. सोलापूर-धुळे हायवेवरचा फाटा आहे आमचा, जालन्याकडे वळायचं ते तिथून. थोडं दक्षिणेला शहागड आणि गोदावरीचा पूल. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा पट्टा, त्यामुळे ऊस, आणि जालना म्हटल्यावर मोसंबी. २०२४ च्या जूनमध्ये आरक्षणाच्या उपोषणामुळे सगळ्या चॅनेलवाल्यांच्या गाड्या गावात आल्या आणि त्यानंतर ऑफिसात ‘वडीगोद्री कुठंय?’ हा प्रश्न बंद झाला. त्याआधी मी सरळ ‘औरंगाबादजवळ’ म्हणून मोकळी व्हायचे.

आणि टीम होती. खरंच होती. कुमारी गट, खो-खो.

खो-खो म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. ‘हो, हो, शाळेत खेळायचो आम्ही!’ म्हणजे पीटीच्या तासाला मुलींना गुंतवून ठेवायची सोय. गंमत अशी की या खेळाचे नियम पहिल्यांदा कागदावर आले ते पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर, १९१४ मध्ये. वीकएंडला तिथे पार्किंग शोधत तिसरी चक्कर मारताना मला हे हमखास आठवतं. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. मुलींची त्याच्या पुढच्या वर्षी, कोल्हापूरला.

आमची टीम २००३ मध्ये सुरू झाली. शाळेत नवीन पीटीचे सर आले. त्यांनी पहिल्या आठवड्यात दोरी घेऊन मैदान मोजलं : २७ मीटर बाय १६ मीटर. सुताराकडून बाभळीचे दोन खांब करून घेतले. खरं टेन्शन होतं मातीचं. आमच्याकडची काळी माती. पावसाळ्यात पायाला चिकटते, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडतात. पळणार कशा? मग सरांनी दोन ट्रॉल्या मुरूम आणून टाकला. पाय घसरायचे थांबले आणि गुडघे सोलायला सुरुवात झाली. माझ्या डाव्या गुडघ्यावर त्या मुरमाची सही अजून आहे. ऑफिस पार्टीला स्कर्ट घातला की कोणीतरी विचारतंच, अॅक्सिडेंट झाला होता का?

ज्यांना पीटीच्या तासापलीकडचा खो-खो माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आठ जणी पाटीवर एकाआड एक तोंडं करून बसतात, नववी पाठलाग करते. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीने आत येतात. नऊ मिनिटांचं आक्रमण, नऊ मिनिटांचं संरक्षण. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही. पळणारीला मात्र कुठेही फिरायला मुभा. सगळा खेळ त्या एका फरकावर उभा आहे. म्हणून पळणारी नुसती वेगवान असून भागत नाही. ती डोक्याने पळते. बसलेल्या मुलीचा खांदा कधी हलतो, खो आता पडणार की नुसती हूल आहे, हे तिला अर्ध्या सेकंदात ओळखावं लागतं.

आमची कॅप्टन हे ओळखायची. कसं, ते तिलाही सांगता यायचं नाही. बाकीच्या आम्ही दीड मिनिटात बाद. ती तीन मिनिटं, साडेतीन मिनिटं. साखळी खेळत दोन बसलेल्यांच्या मधून अशी जायची की वाटायचं समोरच्या मुली मुद्दाम तिला वाट देतायत. घरी दोन म्हशी होत्या. धारा काढून, डेअरीवर दूध घालून सहाला मैदानावर हजर. आम्ही आळस देत यायचो तेव्हा हिचा वॉर्मअप आपोआप झालेला असायचा!

तिच्या वडिलांची परवानगी काढणं हा वेगळाच सामना. हाफ पँट नको, ठीक, ट्रॅक पँट घालू. बाहेरगावी मुक्काम? विषयच नाही. सरांनी मग एक फंडा काढला. प्रत्येक दौऱ्यावर त्यांची बायको आमच्याबरोबर. मॅडम शिक्षिका नव्हत्या, त्यांना खो-खोतलं ओ की ठो कळायचं नाही. पण जीपमध्ये आमच्यात बसायच्या, रात्री आमच्या खोलीत झोपायच्या, कोणाची पाळी आलीय ते न सांगता ओळखायच्या. त्यांच्या भरवशावर बारा घरांनी मुली पाठवल्या. तेव्हा आम्हाला मॅडम म्हणजे हेरखातं वाटायच्या.

त्या कॉलनंतरच्या वीकएंडला मी स्विफ्ट करंटबद्दल वाचत बसले, तेव्हा मॅडम पुन्हा आठवल्या. माझ्या क्लायंटने एक भाग सांगितला नव्हता. ब्रॉन्कोसचा तो कप जिंकून देणारा कोच, ग्रॅहॅम जेम्स, १९९७ मध्ये तुरुंगात गेला. आपल्याच खेळाडूंचं लैंगिक शोषण केल्याबद्दल. शेल्डन केनेडी नावाचा खेळाडू नाव न लपवता समोर येऊन बोलला. हा केनेडी त्या अपघाताच्या बसमध्येही होता. गाव स्टेडियम भरून टाळ्या वाजवत होतं आणि पोरं हे सोसत होती. सोळा वर्षांची, घरापासून लांब, आणि करिअर एका माणसाच्या हातात. मॅडम जीपमध्ये का बसायच्या हे मला वयाच्या तिशीनंतर नीट कळलं.

असो. आमचा इतिहास काही कप-बिप जिंकण्याचा नाही. अंबडला तालुका जिंकायचो. जालन्याला कधी जिंकलो, कधी नाही. एका वर्षी मात्र आमच्यातल्या तिघींची जिल्ह्याच्या कुमारी संघात निवड झाली : कॅप्टन, मी आणि खांबावर झेप मारणारी आमची एक उंच मुलगी. राज्य स्पर्धा! नवीन बूट घ्यायला दादांनी मला सहाशे रुपये दिले आणि ‘जपून वापर’ म्हणाले, जसं काही बूट कपाटात ठेवायला घेतले होते.

तिथे आमची गाठ पडली उस्मानाबादशी.

नकाशा काढून बघा. आमच्या फाट्यावरून दक्षिणेला निघालात की गेवराई, बीड, चौसाळा करत तोच रस्ता उस्मानाबादला जातो. आता धाराशिव. तेव्हा हायवेचा नंबर २११ होता, आता ५२. म्हणजे त्या मुली आमच्याच रस्त्यावरच्या. दुष्काळ तोच, ज्वारी तीच, बोली थोडी वेगळी. पण मैदानावर उतरल्या आणि आमचं डोकं चालेना. आम्ही दिशा घ्यायच्या आधी त्यांना ती कळायची. डावाने हरलो! क्रिकेटवाल्यांना कळेल हे दुःख. आमचे दोन्ही डाव मिळून त्यांच्या एका डावाला पुरले नाहीत. फक्त आमची कॅप्टन एकदा तीन मिनिटांच्या वर पळाली, आणि ती बाद होऊन बाहेर आली तेव्हा उस्मानाबादच्या बसलेल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. तो आमचा मेमोरियल कप.

उस्मानाबादच्या मैदानातून पुढे काय बाहेर पडलं ते आता सगळ्यांना माहीत आहे. किमान असायला हवं. सारिका काळे. घरात एवढी ओढाताण की जवळपास दहा वर्षं दिवसाला एकदाच जेवण मिळायचं, असं तिने स्वतः सांगितलंय. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या साउथ एशियन गेम्समध्ये भारताची कॅप्टन, गोल्ड मेडल. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. खो-खोला तो मिळाला तब्बल २२ वर्षांनी. त्या वेळी ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. मी ती बातमी लॉकडाऊनमध्ये, डायनिंग टेबलचं ऑफिस करून बसलेली असताना वाचली आणि कारण नसताना रडले.

कारण नसताना नाही. आमच्या कॅप्टनचं लग्न त्या राज्य स्पर्धेनंतरच्या मे महिन्यात झालं. शिबिरासाठी तिचं नाव निघालं होतं. सर तिच्या घरी तीनदा गेले. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण असतं, पोरगी पोलिसात लागेल, असं सगळं समजावलं. वडील शांतपणे म्हणाले, ‘सर, तुमचं बरोबरय. पण स्थळ पुन्यांदा येत नसतं.’ ते दुष्ट नव्हते हो. त्यांना तीन मुली होत्या आणि दीड एकर कोरडवाहू.

लग्नात आम्ही सगळ्या टीमने ट्रॅक पँट घालून जायचं ठरवलं होतं. कोणाचीच हिंमत झाली नाही.

टीम त्यानंतर चार-पाच वर्षं चालली. २०१२-१३ चा दुष्काळ आला. जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमचीही दादांनी त्याच वर्षी तोडली. कितीतरी घरं कामासाठी बाहेर पडली आणि मुलीही गेल्या. सरांची बदली झाली. नवीन आलेल्यांना क्रिकेटची आवड. खांब उपटून कोणीतरी गोठ्याला लावले. मी तोवर पुण्यात इंजिनिअरिंग संपवून कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये ‘टीमवर्क’वर भाषण ठोकत होते. उदाहरण अर्थातच खो-खोचं. नोकरी लागली.

मधल्या काळात खो-खोचे दिवस पालटले. २०२२ मध्ये बालेवाडीला अल्टिमेट खो-खोचा पहिला सीझन झाला. मॅट, लाइट्स, रंगीत जर्सी, टीव्ही. ४ सप्टेंबरच्या फायनलला आम्ही ऑफिसातली सहा जणं गेलो. ओडिशाने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं एका गुणाने हरवलं! माझा घसा बसला. बाहेर पडताना आमच्या टीममधला एक ज्युनिअर म्हणाला, ‘भन्नाट! मुलींची कधी असते?’ मी म्हटलं, नसते. दुसरा सीझन कटकला झाला, तोही फक्त पुरुषांचा.

म्हणून १९ जानेवारी २०२५ चा रविवार मी कोणासाठीही सोडणार नव्हते. दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप, मुलींची फायनल, समोर नेपाळ. भारताची कॅप्टन प्रियंका इंगळे, मूळ बीड जिल्ह्यातली. संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. पुन्हा आमचाच हायवे! पहिल्याच मॅचला या मुलींनी साउथ कोरियाला १७५-१८ ने लोळवलं होतं. फायनल ७८-४०. संपल्या संपल्या मी फोन लावला.

‘काय गं, बघायलीस का?’

‘बघायले ना,’ कॅप्टन म्हणाली. ‘पोरगी टीव्हीसमोरून हलायलीच नाही. स्वयंपाक राहिला सगळा.’ थोडं थांबून, ‘ती तीन नंबरची तुकडी चुकली बघ. खांबाकडं जायलाच नको होतं.’

तिने शेवटची मॅच खेळून सतरा वर्षं झाली होती.

क्लायंटला मी यातलं किती सांगितलं? फार नाही. तेवढ्यात बाकीचे जॉइन झाले आणि आम्ही डिफेक्ट लिस्टवर आलो. पण पुढच्या कॉलला त्याने आठवणीने विचारलं, ‘हाउ इज युअर टीम डुइंग?’ मी ‘ऑफ सीझन’ म्हणून वेळ मारून नेली.

गेल्या महिन्यात कॅप्टनचा फोन आला. तिच्या सासरच्या गावी, शाळेमागच्या पडीक जागेत, ती संध्याकाळी पोरी जमवते. नवऱ्याने आधी कुरकुर केली, मग स्वतःच ट्रॅक्टरने जागा सपाट करून दिली. मुरूम टाकायचा की नाही यावर तिचं मत पक्कं आहे : टाकायचा.

‘पुण्याहून येताना नी-कॅप आण गं,’ ती म्हणाली. ‘चांगल्यातल्या. पैसे देते.’

‘किती आणू?’

‘बारा जोड.’ मग मागे कोणालातरी काहीतरी विचारल्याचा आवाज आला. ‘पंधरा आण. तीन पोरी घरच्यांला न सांगता यायल्यात, पण यायल्यात.’