वादळानंतरचा उकाडा

चक्रीवादळ येणार असे रेडिओवर सांगितले की आपण काय काय करतो? होड्या वर ओढतो, पत्र्यांवर दगड ठेवतो, मेणबत्त्या आणि काड्यापेट्या आणून ठेवतो. वारा एका दिवसात ओसरतो आणि मग ‘सुटलो एकदाचे’ म्हणून आपण पडलेली झाडे उचलायला लागतो. पण वाचकहो, डॉक्टर म्हणून मला खरी धास्ती वाटते ती त्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांची. वीज नाही, पंखा नाही, पाण्याचा पंप बंद आणि हवा दमट. या दिवसांत माणूस घरातल्या घरात, कोणाच्या लक्षात न येता आजारी पडतो.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौले उडाली, विजेचे खांब मोडून पडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. पाऊस अजून नीट लागलेला नव्हता.

वादळानंतर चौथ्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मुलाबरोबर माझ्याकडे आल्या. ‘डोके दुखते, गळून गेल्यासारखे वाटते, जेवण जात नाही,’ असे त्यांचे म्हणणे. मी रक्तदाब पाहिला, ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि ‘नेहमीची औषधे चालू ठेवा’ असे सांगून घरी पाठवले. त्या नेहमीच्या औषधांत लघवी वाढवणारी गोळी होती. त्या कुठे झोपतात, रात्री झोप लागते का, दिवसभरात लघवी किती वेळा होते, यातले मी काहीच विचारले नाही. दोन दिवसांनी मुलगा धावत आला. आजी असंबद्ध बोलत होत्या, मुलाला ओळखत नव्हत्या आणि ताप १०४ होता. ते करोनाचे दिवस. ताप म्हटल्यावर शेजारचे कोणी उंबरठा ओलांडेना. कौले उडाल्यामुळे घरावर ताडपत्री टाकलेली, आत भट्टी झालेली. आम्ही दोघांनी त्यांना पडवीत आणले, विहिरीचे पाणी अंगावर ओतत राहिलो, सुपाने वारा घातला आणि ताप उतरू लागल्यावर गाडीत घालून रुग्णालयात नेले. आजी वाचल्या. पण दोन दिवस आधी मी चार प्रश्न विचारले असते, तर ही वेळच आली नसती. ही चूक माझी होती आणि त्यानंतर ती मी होऊ दिलेली नाही.

असे का होते, ते समजून घेऊ. आपले शरीर सतत उष्णता निर्माण करते. हवा गरम असली की ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. मात्र नुसता घाम आल्याने शरीर गार होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम टपटप गळून गेला तर काहीच साधत नाही, उलट पाणी आणि मीठ मात्र जाते. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता एकत्र आली, तर अंगाला ती ४४-४५ अंशांसारखी जाणवते. म्हणूनच ‘आपल्याकडे कुठे विदर्भासारखा पारा चढतो?’ हा दिलासा खोटा आहे. एरवी पंख्याचा वारा अंगाजवळची दमट हवा हलवतो आणि आपण तगतो. वीज गेली की तो आधारच जातो.

दुसरी गोष्ट रात्रीची. दिवसाचा ताण शरीर रात्री भरून काढते. पण डासांच्या भीतीने दारे-खिडक्या बंद, वर तापलेला पत्रा आणि पंखा नाही, अशा खोलीत ही विश्रांती मिळत नाही. थकवा साचत जातो. त्यामुळे त्रास बहुधा पहिल्या दिवशी दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतो.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातील हॉलिवूड नावाच्या शहरात एका शुश्रूषागृहाच्या वातानुकूलन यंत्रणेची वीज तुटली. दिवे चालू होते, पण खोल्या तापत गेल्या. रस्त्यापलीकडेच सुसज्ज रुग्णालय असताना तिथल्या १२ वृद्धांचे मृत्यू या उकाड्यामुळे झाले. पुढे ८ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि तिथेही वाऱ्यातून वाचलेली माणसे नंतर उष्म्याने दगावली. इतक्या श्रीमंत देशात हे घडते, कारण अडचण साधनांची कमी आणि वेळेवर लक्ष न जाण्याची अधिक असते.

आता उपाय. वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयाचे, मूत्रपिंडाचे वा मधुमेहाचे रुग्ण यांना पत्र्याच्या किंवा ताडपत्रीच्या खोलीत ठेवू नका. पडवी, ओटी, झाडाची सावली, शेजारचे कौलारू घर, शाळा, यांतली जी जागा हवेशीर असेल तिथे त्यांची व्यवस्था करा. रात्री मच्छरदाणी लावा, म्हणजे खिडकी उघडी ठेवता येईल. दिवसातून तीन-चार वेळा ओल्या फडक्याने अंग पुसा आणि अंग ओले असतानाच विंझण्याने वारा घाला. घाम वाळत नसला तरी गार पाणी आणि वारा मिळून अंगातली उष्णता ओढून नेतात.

तहान लागण्याची वाट पाहू नका; म्हातारपणी तहान नीट जाणवत नाही. लघवी कमी आणि गडद पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे असे समजा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पेय बरेच काम करते. शहाळे चांगले, पण मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. लघवीच्या, रक्तदाबाच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांमुळे उकाडा अधिक बाधतो. त्या आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना मात्र जरूर विचारा. फ्रीज बंद पडला म्हणून वापरात असलेले इन्सुलिन फेकू नका. घरातल्या सर्वांत गार, सावलीच्या कोपऱ्यात ते साधारण चार आठवडे टिकते. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नका.

थकवा, डोकेदुखी, पायांत गोळे, मळमळ ही पहिली खूण. बोलणे असंबद्ध होणे, झोकांड्या जाणे, झटके किंवा बेशुद्धी आणि अंग भाजल्यासारखे तापणे हा उष्माघात. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नका. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतून वारा घालत राहा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

एक इशारा जनरेटरबद्दल. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. अमेरिकेत २०२० च्या लॉरा वादळानंतर या वायूने अनेकांचे बळी घेतले. जनरेटर पडवीत किंवा खिडकीखाली नको. घरापासून निदान वीस फूट लांब, उघड्यावर ठेवा.

शेवटी एकच विनंती. वादळानंतर आपण वायरमन कधी येतो याची वाट पाहतो. ती पाहाच, पण वाडीत एकटे राहणारे आजी-आजोबा कोण आहेत त्यांची नावे आजच काढून ठेवा. मुले मुंबईला आणि फोन बंद, अशी घरे आपल्या गावोगावी आहेत. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा त्यांच्या ओटीवर जा, ‘रात्री झोप लागली का, पाणी किती प्यालात?’ एवढे विचारा आणि कपाळाला हात लावून पाहा. मी त्या दिवशी विचारायचे राहिलो, तुम्ही राहू नका.