बटण फक्त रुग्णाने दाबायचं

पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्या रात्री खोकण्याचीही धास्ती वाटते. पोटावर उशी दाबून धरली तरी टाक्यांतून कळ उठते. जुन्या पद्धतीत त्याने बेल वाजवायची, सिस्टरची वाट बघायची. मग कुलपातलं औषध, रजिस्टरमध्ये नोंद, कमरेत सुई आणि औषध भिनेपर्यंत पुन्हा वाट. भिनलं की गुंगी, उतरलं की तळमळ.

दुखतंय किती हे ज्याचं त्यालाच कळतं, तर औषधही त्यालाच का घेऊ देऊ नये, हा विचार अमेरिकेतले भूलतज्ज्ञ फिलिप सेक्झर यांनी १९६०च्या दशकात प्रत्यक्षात आणला. १९७६ मध्ये ‘कार्डिफ पॅलिएटर’ हा अशा प्रकारचा पंप बाजारात आला.

खाटेशेजारच्या पंपात मॉर्फिन किंवा फेंटानिल भरलेलं असतं आणि वायरचं बटण रुग्णाच्या मुठीत. एकदा दाबलं की ठरलेला छोटा डोस, मॉर्फिन असेल तर साधारण एक मिलिग्रॅम, थेट शिरेत जातो. पुढची पाच ते दहा मिनिटं पंप बंद. त्या वेळात दहादा दाबलं तरी थेंब मिळत नाही. हे आकडे डॉक्टर ठरवतात. औषध एकूण थोडं जास्त लागतं, अंगाला खाजही सुटते. पण वेदना अधिक आटोक्यात राहतात आणि रुग्ण जास्त समाधानी असतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

या पंपाची खरी राखण मात्र रुग्णाची झोप करते. गुंगी चढली की हात आपोआप थांबतो, पुढचा डोस जात नाही. म्हणूनच आपल्याकडे खाटेला चिकटून बसणाऱ्या नातेवाइकांची मला काळजी वाटते. बाबा झोपेत कण्हले म्हणून मुलाने मायेपोटी बटण दाबलं, की ती राखणच उठली. या औषधांनी श्वास मंदावतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने २००४ मध्ये नेमका याच प्रकाराबद्दल इशारा दिला होता. पंप लावला म्हणजे सिस्टरचं काम संपलं, असंही नाही. श्वास आणि गुंगी वरचेवर तपासावीच लागते.

बटणामागचं कारण ज्याला समजत नाही, त्याला हा पंप उपयोगाचा नाही. बाकीच्यांनी ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना त्याबद्दल जरूर विचारावं. झोपेत घोरण्याची, श्वास अडकण्याची सवय असेल तर तेही त्याच वेळी सांगावं.