शाईच्या डागांची शंभर वर्षे आणि रायगडचा किनारा

ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 साली सुरू झाले, तेव्हा शेजारचा आजचा रायगड जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता आणि व्यक्तिमत्त्व मोजण्याच्या चाचण्या अजून घडायच्या होत्या. पुढे 1921 मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ हेर्मान रोर्शाक यांनी शाईच्या डागांना 405 व्यक्तींनी दिलेल्या प्रतिसादांवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु पुढच्याच वर्षी, अवघ्या 37 व्या वर्षी त्यांचे निधन झाल्याने त्यांच्या डागांच्या 10 पत्रिकांचा अर्थ कसा लावावा, हे इतरांनाच ठरवावे लागले.

या पत्रिकांवर दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे डाग असतात. माणसाला त्यांत काय दिसते यापेक्षा तो ते कसे पाहतो, म्हणजे पूर्ण डाग धरतो की एखादा भाग, आकाराला महत्त्व देतो की रंगाला, यावर रोर्शाक यांचा भर होता. 1939 मध्ये लॉरेन्स फ्रँक यांनी प्रक्षेपण पद्धतींची, म्हणजे अस्पष्ट उद्दीपकावर माणूस आपले अंतरंग आरोपित करतो या तत्त्वावरील पद्धतींची, मांडणी केली आणि ही चाचणी त्यांचे ठळक उदाहरण ठरली. अमेरिकेत गुणांकनाच्या अनेक परंपरा निर्माण झाल्या. जॉन एक्सनर यांनी 1974 मध्ये त्यांची एकत्रित पद्धती सिद्ध केली. तरीही तिची प्रसामान्यके, म्हणजे तुलनेसाठीची सरासरी मूल्ये, निरोगी माणसांनाही विकारग्रस्त ठरवतात, असा गंभीर आक्षेप आला. 2013 च्या व्यापक आढाव्यात या पद्धतीचे 65 घटक तपासले असता, विचार व आकलनातील बिघाडाशी निगडित घटकांना भक्कम आधार मिळाला, तर इतर अनेकांना तो फारसा मिळाला नाही.

प्रसामान्यकांचा हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. एक्सनर यांच्या पद्धतीत, साधारणतः तिघांपैकी एकाने तरी दिलेले उत्तर लोकप्रिय प्रतिसाद मानले जाते आणि दहाव्या पत्रिकेवरील खेकडा हा त्यांपैकीच एक आहे. रेवदंडा, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात चिंबोरी, म्हणजे खेकडा, हा रोजच्या मासळीचा भाग असल्याने, तेथील माणसाला कोणते प्राणी सहज दिसतात हे परदेशी तक्त्यावरून गृहीत धरता येणार नाही. ते स्थानिक नमुन्यांवरूनच ठरवावे लागेल. अशी प्रसामान्यके हाती नसताना केवळ या डागांवरून कोणाचेही निदान करणे त्या व्यक्तीवर अन्याय करणारे आहे; मुलाखत, पूर्वेतिहास आणि अन्य चाचण्या यांच्या जोडीनेच या पत्रिकांना शास्त्रीय मोल येते.