दहा वाद्यं, एकच चाल

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, अटलांटिकच्या वाऱ्यात, क्लेअर नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर भागात करड्या चुनखडीचा उघडाबोडका माळ पसरला आहे. त्याला बरेन म्हणतात. झाडं नावापुरती, पण उन्हाळा आला की खडकांच्या भेगाभेगांतून रानफुलं वर येतात. या माळाच्या कडेला किलफेनोरा हे गाव आहे. बाराव्या शतकातले कोरीव दगडी क्रूस, एक चर्च, मोजके पब आणि काही शेकडा माणसं. एवढ्याशा गावात १९०९ साली एक वाद्यवृंद उभा राहिला आणि आज शंभराहून अधिक वर्षांनीही तो वाजतो आहे. किलफेनोरा केली बँड हे त्याचं नाव. केली म्हणजे गावकऱ्यांनी जमून केलेली नाचगाण्याची संध्याकाळ. गावच्या चर्चवर कर्ज होतं, ते फेडायला पैसे उभे करायचे होते, म्हणून आसपासचे वादक एकत्र आले. कर्ज कधीच फिटलं, वादन मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं.

या बँडपुढे बसलं की एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही आणि आली की थक्क व्हायला होतं. समोर तीन-चार फिडल आहेत (म्हणजे आपलं व्हायोलिनच), लाकडी बासऱ्या आहेत, अकॉर्डियन, कॉन्सर्टिना, बँजो आहे. आणि हे सगळे जण पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत एकच चाल वाजवत आहेत! युरोपचं संगीत म्हटलं की आपल्याला वाटतं, एकाच वेळी अनेक सुरावटी एकमेकींत गुंफलेल्या असणार. इथे ते नाही. पियानो खालून ठेका आणि साथीचे सूर धरतो, ड्रमवाला लाकडी ठोकळ्यावर टकटक करतो, बाकी सगळा भार त्या एका चालीवर. भारतीय कानाला हे संगीत परकं वाटत नाही, याचं पहिलं कारण हेच असावं.

मग दहा जणांनी तेच वाजवलं तर ते सपाट का होत नाही? यातला एक भाग निव्वळ ध्वनिशास्त्राचा आहे. दोन फिडलवर एकच स्वर वाजवला तरी तो काटेकोर एक कधीच नसतो. एकाची कंपनं सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची ४४२ असली, तर कानाला सेकंदाला दोन वेळा आवाज फुगल्या-ओसरल्यासारखा ऐकू येतो. असे सात-आठ जण एकत्र आले की त्या सुराला एक जिवंत थरथर येते. ती एकट्या वादकाला कितीही जोर लावला तरी साधत नाही. काही अकॉर्डियनमध्ये तर प्रत्येक स्वरासाठी दोन पोलादी पात्या मुद्दाम किंचित बेसूर लावून हीच थरथर आधीच भरून ठेवलेली असते.

दुसरा भाग जास्त सुंदर आहे. चाल एक असली तरी तिचा बारीकसारीक तपशील प्रत्येकाचा वेगळा असतो. फिडलवाली एखाद्या जागी लांब स्वर धरते, त्याच जागी बासरीवाला श्वास घ्यायला एक स्वर गाळतो, बँजोवाला तिथे तीन झटपट टोले भरतो. पुढच्या फेरीत तिघंही काहीतरी वेगळं करतात. हे कुणी लिहून दिलेलं नसतं. समोर स्वरलिपीचे कागद नसतात, काठी घेऊन उभा राहणारा संचालक नसतो. मूळ चाल नेमकी कोणती, असं विचारलं तर उत्तर देता येत नाही, कारण ती संपूर्ण अशी एकाकडे नसतेच. सगळ्यांच्या मधोमध कुठेतरी ती असते.

चालीचा आकार मात्र अगदी पक्का. रील हा इथला सगळ्यात लाडका प्रकार. त्याच्या एका आवर्तनात आठ मात्रा, चार-चारच्या गटांत, म्हणजे मोजणी आपल्या केरव्याची. जिगमध्ये सहा, तीन-तीन अशा, म्हणजे दादऱ्याच्या. स्लिप जिगमध्ये तीन-तीनचे तीन गट, एकूण नऊ. रीलचा पहिला भाग आठ आवर्तनांचा, तो दोनदा वाजवायचा. मग तेवढ्याच लांबीचा दुसरा भाग, तोही दोनदा. बत्तीस आवर्तनं झाली की चाल पूर्ण. नेहमीच्या लयीत याला जेमतेम अर्धं मिनिट लागतं. ती दोन-तीनदा फिरवायची आणि क्षणभरही न थांबता दुसऱ्या चालीत उडी घ्यायची, बहुधा वेगळ्या षड्जावर. त्या उडीच्या क्षणी नाचणाऱ्यांच्या अंगात नवा जोर येतो आणि गर्दीतून हमखास कुणीतरी आरोळी ठोकतं.

हो, नाचणारे. हा आकार त्यांच्या पायांनी ठरवला आहे. क्लेअरमध्ये चार जोड्या चौकोन करून कॅलेडोनियन सेट नाचतात. पॅरिसच्या दिवाणखान्यांतला क्वाड्रिल हा नाच नृत्यशिक्षकांबरोबर आणि सैनिकांबरोबर इथवर आला आणि शेतकऱ्यांनी त्यात बुटांच्या टाचांचे ठोके मिसळून तो पार आपला करून टाकला. पूर्वी नाच व्हायचे ते स्वयंपाकघरात नाहीतर चार रस्ते मिळतात तिथे. १९३५ मध्ये सार्वजनिक नाचासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. धर्मगुरू आणि पोलीस घरगुती नाचांवरही उठले आणि नाच सभागृहांत गेला. मोठ्या सभागृहात एकटा फिडलवाला कुठवर पुरणार? ध्वनिवर्धक नसताना शंभर पायांच्या आवाजावर मात करायची तर एकाच चालीमागे दहा जण उभे करणं हाच उपाय होता. केली बँडचा हा ठसठशीत एकसुरी आवाज अशा गरजेतून घडला.

आता त्या बारीक कलाकुसरीकडे येऊ, कारण खरी जादू तिथे आहे. ‘कट’ म्हणजे मुख्य स्वराआधी वरच्या स्वराचा इतका निसटता स्पर्श की तो स्वर म्हणून ऐकूच येऊ नये, नुसता टोला वाटावा. ‘रोल’ म्हणजे मुख्य स्वर, वरचा स्पर्श, मुख्य स्वर, खालचा स्पर्श, पुन्हा मुख्य स्वर. पाच हालचाली, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. आठ वर्षांची मुलंही ते शिकतात. फिडलवर गज उलटा फिरवून किंवा बासरीत जिभेने फुंकर तोडून दोन सारखे स्वर सहज वेगळे करता आले असते. मग हा खटाटोप कशासाठी? त्याचा माग बॅगपाइपपाशी लागतो. पिशवीतली हवा सतत वाहते, सूर अखंड असतो. एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या एखाद्या स्वराला निसटतं शिवावंच लागतं. पाइपची ही निकड बाकी वाद्यांनी अलंकार म्हणून उचलली.

बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यात आपल्या पायदळाचे बँड वाजवतात ती बॅगपाइप स्कॉटलंडची, तोंडाने फुंकायची, मैदानावरची. आयर्लंडची इलन पाइप बसून वाजवतात. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत पिशवी, मांडीवर आडव्या टाकलेल्या नळ्या. तिची पट्टी दोन सप्तकं गाठते, मागे तीन नळ्या तंबोऱ्यासारखा षड्ज धरून असतात आणि मनगटाच्या कडेने दाबायच्या चाव्यांतून साथीचे सूरही काढता येतात. केली बँडमध्ये ती क्वचित दिसते, पण फिडलवाल्याच्या बोटांत तिची सवय कायम असते. २०१७ मध्ये इलन पाइपवादनाचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला.

स्वरांकडे नीट कान दिला तर आणखी ओळखीच्या खुणा सापडतात. या चाली मुख्यत्वे चार स्वरसप्तकांत असतात आणि ती चारही आपल्या थाटपद्धतीत आहेत: बिलावल, खमाज, काफी, आसावरी. राग नव्हेत हे, नुसती स्वरांची मांडणी. तरी काफीच्या स्वरांतली रील ऐकताना कोमल गंधार आला की आपला कान चटकन ओळख दाखवतो. त्याहून नवलाची गोष्ट अशी की जुन्या ढंगाचे काही फिडलवादक आणि पाइपवादक एक स्वर कोमल आणि शुद्ध यांच्या अगदी मधोमध लावतात. पियानोवर त्याला जागाच नाही. श्रुतींची चर्चा ऐकत मोठं झालेल्या माणसाला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

संगीतकार शॉन ओ रिआडा यांनी १९६२ मध्ये आयरिश रेडिओवरून एक व्याख्यानमाला दिली. आयरिश पारंपरिक संगीत युरोपच्या संगीतपरंपरेबाहेरचं आहे, त्याचं नातं पूर्वेकडच्या संगीताशी अधिक जवळचं आहे, असं त्यांनी तिथे ठासून सांगितलं. त्याच ओ रिआडांना केली बँड मुळीच सहन होत नसत. उपड्या बरणीत अडकलेल्या माशीच्या गुणगुणीची उपमा त्यांनी या बँडना दिली. सगळे सतत एकत्र वाजवत राहिले तर एकेका वादकाचा स्वतंत्र आवाज बुडतो, हा त्यांचा आक्षेप. त्यांनी स्वतः उभ्या केलेल्या वाद्यवृंदात वादक आळीपाळीने पुढे येत. तो विचार पुढे पॅडी मोलोनी यांच्या ‘द चीफटन्स’ने जगभर पोहोचवला. ओ रिआडा मोठे होतेच, पण इथे त्यांचा निवाडा मला पटत नाही. ते खुर्चीत बसून ऐकत होते, आणि किलफेनोरा वाजवत होतं ते पायांसाठी. फळीवर टाचा वाजू लागल्या की त्या एकत्रित आवाजातला प्रत्येक फिडल आपोआप वेगळा ऐकू येतो.

क्लेअरवासीयांचं मत तर ठाम होतं. १९५१ मध्ये सुरू झालेल्या अखिल आयर्लंड संगीत महोत्सवात, म्हणजे फ्ला क्योलमध्ये, किलफेनोराने १९५४, १९५५ आणि १९५६ अशी सलग तीन वर्षं केली बँडची स्पर्धा जिंकली. समोर प्रतिस्पर्धी होता क्लेअरच्याच पूर्व भागातला टुल्ला केली बँड, १९४६ साली सुरू झालेला. १९५७ मध्ये टुल्लाने बाजी मारली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं. एकाच परगण्यातल्या या दोन गावांची चढाओढ हा तिथल्या घराघरांतला विषय होता. किलफेनोराचा कारभार चार दशकं पियानोवादक किटी लिनान यांनी सांभाळला. त्याच पन्नासच्या दशकात सुमारे चार लाख माणसं पोटासाठी आयर्लंड सोडून गेली, म्हणून बँडही त्यांच्या मागे इंग्लंडमधल्या आयरिश सभागृहांत जाऊन वाजवू लागला.

आज जगभर या संगीताची ओळख म्हणजे पबमध्ये वर्तुळ करून बसलेले वादक, म्हणजे सेशन. ही पद्धत युगानुयुगांची वाटते, पण आहे अगदी अलीकडची. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बांधकामावर राबणाऱ्या आयरिश मजुरांनी तिथल्या पबमध्ये ती रुजवली आणि मग ती मायदेशी परतली. वाद्यांचंही तसंच. जर्मनीत नव्या यंत्ररचनेची बासरी निघाल्यावर युरोपच्या वाद्यवृंदांनी टाकून दिलेल्या जुन्या लाकडी बासऱ्या आयर्लंडच्या खेड्यांत स्वस्तात पोहोचल्या. कॉन्सर्टिना इंग्लंड-जर्मनीतून आली, आपल्या पेटीसारखीच भात्यावर आणि पातीवर चालणारी. फरक असा की तिचं एकच बटण भाता दाबताना एक स्वर देतं आणि ओढताना दुसरा. या सततच्या दाब-ओढीतूनच क्लेअरच्या वादनाला ती खास उचल मिळते. तिथे हे वाद्य प्रामुख्याने बायकांच्या हाती राहिलं. किलरशमध्ये पब चालवणाऱ्या एलिझाबेथ क्रॉटी त्यातल्या सर्वांत नावाजलेल्या. बुझुकी तर थेट ग्रीसची, ती १९६०च्या दशकात इथे आली.

चाली टिकल्या त्या मात्र माणसांच्या डोक्यांत. कॉर्क परगण्यात १८४८ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस ओनील तरुणपणी घर सोडून जहाजावर चढले आणि शेवटी १९०१ मध्ये शिकागोचे पोलीसप्रमुख झाले. लहानपणी ऐकलेल्या शेकडो चाली त्यांना पाठ होत्या, पण स्वरलिपी लिहिता येत नव्हती. दलातच जेम्स ओनील नावाचे सहकारी होते, त्यांना येत होती. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने लिहायचं. शहरातल्या इतर आयरिश वादकांकडूनही त्यांनी चाली मिळवल्या आणि १९०३ मध्ये १,८५० चालींचा ग्रंथ छापला. गावाकडे विसरल्या गेलेल्या कितीतरी चाली त्या पुस्तकातून परत गावाकडे आल्या.

रॉक संगीताच्या लाटेत केली बँड मागे पडले, पण बुडाले नाहीत. १९९३, १९९४ आणि १९९५ अशी तीन वर्षं किलफेनोराने पुन्हा तीच स्पर्धा जिंकली, या वेळी नव्या पिढीच्या हातांनी. टुल्ला बँडचे पी. जे. हेज यांचा मुलगा मार्टिन पोरवयात वडिलांशेजारी बसून फिडल वाजवत असे. आज तो या संगीतातल्या जगभर मान असलेल्या वादकांपैकी एक आहे.

ऐकायचं मनात असेल तर किलफेनोराची एकच रील निवडा आणि तीच पुन्हा पुन्हा लावा. पहिल्यांदा फक्त बासरीमागे जा, मग कॉन्सर्टिनामागे, मग बँजोमागे. आणि क्लेअरला जायचा योग आलाच, तर जुलैच्या सुरुवातीला मिलटाउन मालबे हे किनाऱ्यावरचं गाव गाठा. तिथले सुतार आणि पाइपवादक विली क्लॅन्सी १९७३ मध्ये गेले, त्याच वर्षापासून त्यांच्या नावाने उन्हाळी संगीतशाळा भरते. दिवसभर वर्ग चालतात आणि रात्री गावातल्या प्रत्येक पबमध्ये सेशन रंगतं. वादकांच्या वर्तुळात रिकामी खुर्ची दिसली तरी तिच्यावर बसू नका, ती येणाऱ्या वादकासाठी असते. तिच्या अगदी मागे उभे राहा.