घरी बांधलेलं विमान घेतलंय? पाना हातात घेण्याआधी थांबा

उद्यमबागेत जुनी लेथ घेणारा माणूस पहिल्याच दिवशी ती खोलत नाही. चार दिवस चालवतो, आवाज ऐकतो, आधीच्या मालकाने कुठं काय जुगाड केलंय ते बघतो. हौशी माणसाने बांधलेलं विमान विकत घेतल्यावर हेच करायचं असतं.

आपल्याकडे असं विमान म्हटलं की कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. अमेरिकेत मात्र अशी विमानं हजारोंनी आहेत, सेकंडहँड विकलीही जातात. आराखडा एकच असला तरी बांधणारा वेगळा, त्यामुळे एक विमान दुसऱ्यासारखं नसतं.

प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांनी असंच एक 'लाँग-ईझी' घेतलं होतं. 12 ऑक्टोबर 1997 रोजी ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. गडी नवखा नव्हता, 2,700 तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव होता. पण या विमानाची ओळख आदल्या दिवशीच्या अर्ध्या तासाची.

मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या पुढ्यात, दोन पायांच्या मधे होता. कॉकपिटमध्ये इंधन नको म्हणून बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. कोणत्या बाजूला कोणती टाकी, हे लिहिलेलंही नव्हतं. उड्डाणाआधी हँडलला पक्कड लावून बघितली, तरी हात पुरेना. इंधन भरून घ्यायलाही त्यांनी नको म्हटलं. चौकशीत दिसलं की मागे वळून हँडल फिरवताना उजवा पाय नकळत रडरच्या पेडलवर दाबला जातो.

म्हणून आधी बांधणाऱ्याची वही वाचायची, जमल्यास त्यालाच भेटायचं. काट्यावर विमानाचं वजन आणि तोल पाहायचा. प्रत्येक टाकीत मोजून इंधन ओतून गेज खरं सांगतो का ते तपासायचं. जमिनीवर, पट्टे बांधून, डोळे मिटून प्रत्येक हँडलला हात लावून बघायचा. मग तेच मॉडेल उडवणाऱ्या जाणत्याला सोबत घेऊन उड्डाण.

नवं प्रोपेलर, नवा रेडिओ, सीटची गादी हे सगळं काही तास उडवल्यानंतर, तेही एका वेळी एकच. चार बदल एकदम केले तर बिघाड कशामुळे झाला हे कळणार कसं? हिशेबात दोन चुका एकमेकींना झाकतात, तसंच. मात्र व्हॉल्व्हला हात पुरत नसेल तर सवय व्हायची वाट बघू नका. तो दुरुस्त होईपर्यंत विमान हँगरमध्येच ठेवा.