टेन्शन ऐकणारी माणसं

अंग दुखतं, हातपाय गळून जातात, झोप लागत नाही, अंगावरून पांढरं जातं. सरकारी आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेली बाई हे सांगते, टॉनिक आणि गोळ्या घेऊन घरी जाते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच बाकावर येते. तिच्या या फेऱ्यांमागे काय आहे, हे शोधण्याचं काम गोव्यात पाव शतकाहून अधिक काळ चाललं आहे.

मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी १९९० च्या दशकात झिम्बाब्वेत काम केलं होतं. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडची बाई तरी वेगळं काय म्हणते? ‘विचार करून करून डोकं जड झालंय.’ १९९६ साली पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा नैराश्याशी आणि घरातल्या ताणाशी जवळचा संबंध आहे, हे गोव्यातल्या स्त्रियांच्या पाहणीतून पुढे आलं. गोळ्यांनी बरं वाटत नव्हतं, कारण दुखणं सांगायला दुसरी जागाच नव्हती.

पण ऐकणार कोण? मनोविकारतज्ज्ञ मोजकेच, तेही शहरात. मग संगाथच्या ‘मानस’ प्रकल्पात स्थानिक माणसांनाच शिकवून समुपदेशक म्हणून आरोग्य केंद्रात बसवलं. रुग्णाशी बोलताना ‘नैराश्य’, ‘मानसिक आजार’ असे शब्द टाळायचे आणि तिचाच शब्द वापरायचा, टेन्शन. १२ सरकारी केंद्रं आणि १२ खासगी दवाखान्यांतल्या या कामाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. सरकारी केंद्रांत समुपदेशक होते तिथे सहा महिन्यांत १०० पैकी ६६ रुग्ण सावरले. नव्हते तिथे ४३ च्या आसपास. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. मला हा दुसरा निकाल पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. घरचे सगळे ओळखणारा आणि दोन मिनिटं जास्त बसवून घेणारा डॉक्टर तेच काम आधीपासून करत असावा.

पुढच्या टप्प्यात आजार अधिक गंभीर होता आणि उपचार अधिक नेमका. नैराश्यात माणूस म्हणतो, मन लागलं की करीन. हा उपचार उलट्या टोकाने सुरू होतो: आधी थोडं करा, मन मागून येईल. समजा, एखादीचं शेजारणीकडे बसणं, बाजाराला जाणं, मोगरीला पाणी घालणं सुटलं आहे. समुपदेशक तिच्याबरोबर बसून त्यातलं एक काम निवडते, दिवस आणि वेळ ठरवते, पुढच्या भेटीत ते का जमलं किंवा का नाही याची विचारपूस करते. अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ भेटी, बस. गोव्यातल्या १० आरोग्य केंद्रांत जवळपास ५०० रुग्णांवर हे तपासलं गेलं. तीन महिन्यांनंतर नैराश्य ओसरलेल्यांचं प्रमाण ६४ टक्के होतं आणि नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. हा फायदा वर्षभराने मोजला तेव्हाही टिकून होता.

या समुपदेशकांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. काही आठवड्यांचं प्रशिक्षण झाल्यावर त्या आपल्या भेटींचं ध्वनिमुद्रण गटात बसून एकमेकींना ऐकवत आणि गुण देत. इथे सल्ला द्यायची घाई झाली, इथे तिला बोलूच दिलं नाही, इथे गप्प राहिलीस ते बरं केलंस. ‘समुपदेशन’ या आपल्या शब्दात ‘उपदेश’ बसलेला आहे, आणि शिकताना टाळायचा असतो तो नेमका तोच. आपल्या घरांत ‘मन मोकळं कर’ म्हणतात आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘मनावर घेऊ नकोस’ येतं. वाक्य पुरं होऊ देणं शिकवता येतं, हे गोव्याच्या त्या गटांनी दाखवलं.

हीच वाट विदर्भातही आली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला गेला. आत्महत्यांनी हादरलेला हा मुलुख. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे तिथे सुरुवातीला ४ टक्क्यांच्या जेमतेम वर होते, ते २७ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे प्रकल्पानंतरही चारातले जवळजवळ तिघे एकटेच राहिले, हेही लिहायला हवं.

पुढे मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात गोव्याचाच उपचार आशाताईंना मोबाइलवरून शिकवण्याचा प्रयोग झाला. गावातली कुठली सून महिनाभर अंगणात दिसली नाही, हे आशाताईंइतकं कुणाला ठाऊक असणार? लसीकरण, बाळंतपणं, नोंदी हे सगळं त्यांच्याकडे आधीच आहे. महाराष्ट्रात २०२१ आणि २०२३ मध्ये मानधनासाठी त्यांना संपावर जावं लागलं. आता त्यांच्या वहीत आणखी एक रकाना येईल: टेन्शन ऐकलं. त्या रकान्यासाठीचा अर्ध्या तासाचा निवांत वेळ आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे मला कुठल्याही सरकारी कागदावर आधी लिहिलेलं बघायचं आहे.