हप्त्याहप्त्यानं एम. ए.

साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्याचं वर्ष दोन भागांत मोडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटला की मार्च-एप्रिलपर्यंत गळीत हंगाम, आणि पुढं पाऊस सरेपर्यंत दुरुस्तीचे महिने. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे इग्नूच्या, सत्रअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरात होतात. डिसेंबरात आमच्या गव्हाणीत रात्रंदिवस ऊस पडत असतो, रजेचं नावही काढता येत नाही. म्हणून इंग्रजी वाङ्मयाच्या एम. ए.चं माहितीपत्रक हातात आलं तेव्हा मी आधी एवढंच पाहिलं, की सगळे पेपर जूनमध्येच दिले तर चालतं का. चालतं. झेपतील तेवढे पेपर या जूनला द्यायचे, राहिलेले पुढच्या. दोन वर्षांचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार वर्षांत पुरा केला की झालं.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. शिक्षण बी. एस्सी., विषय रसायनशास्त्र. इग्नूच्या या एम. ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यामुळे प्रवेशाची अडचण नव्हती. अडचण होती ती ‘केमिस्टला शेक्सपिअर कशाला?’ या प्रश्नाची, आणि त्याचं माझं उत्तर मराठीतून आलेलं आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. मर्ढेकरांनी आकाशवाणीत जाण्याआधी इंग्रजी शिकवलं, नेमाड्यांनी तर जन्मभर. ज्यांच्या मराठीवर माझी पिढी पोसली ती माणसं वर्गात फळ्यासमोर उभी राहून कोणती पुस्तकं उलगडत होती, हे मला त्या पुस्तकांतूनच बघायचं होतं.

नोकरी सांभाळून पदवी घेण्याची कल्पना काही आजची नाही. लंडन विद्यापीठानं 1858 सालीच आपल्या परीक्षा कॉलेजात न गेलेल्यांना खुल्या केल्या. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची स्थापना 1969ची, आणि 1971च्या जानेवारीत तिचे पहिले विद्यार्थी अभ्यासाला लागले. आपल्याकडचं पहिलं मुक्त विद्यापीठ हैदराबादला 1982 साली निघालं, इग्नू 1985 साली, आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली. आमच्या भागात शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्रही आहे. मी इग्नू निवडलं ते कालावधी लांबवता येतो म्हणून, आणि दुसऱ्या वर्षाच्या ऐच्छिक विषयांची यादी भरगच्च होती म्हणून.

माझ्या वेळची रचना अशी होती: एकूण 64 क्रेडिट, प्रत्येक पेपर 8 क्रेडिटचा. एका क्रेडिटमागं 30 तास अभ्यास धरलेला असतो, म्हणजे एका पेपरला 240 तास. पहिल्या वर्षी चार सक्तीचे पेपर: ब्रिटिश काव्य, ब्रिटिश नाटक, ब्रिटिश कादंबरी आणि भाषेचा अभ्यास. दुसऱ्या वर्षी साहित्यसमीक्षा सक्तीची, बाकीचे आपल्या पसंतीचे. गुणांपैकी 30 टक्के स्वाध्यायांना, ज्यांना सगळे असाइनमेंटच म्हणतात, आणि 70 टक्के लेखी परीक्षेला. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. रचना अधूनमधून बदलते, तेव्हा प्रवेश घेणाऱ्यानं चालू वर्षाचं माहितीपत्रकच प्रमाण मानावं. विद्यापीठाची पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. पैसे भरण्याआधी त्यातला एखादा भाग जरूर वाचून बघावा, आपल्याला हे आवडणार आहे की नाही ते लगेच कळतं.

हंगामात मी कवितेचा पेपर हातात घेत असे. आमच्या पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार. दर तासाला रसाचे नमुने येतात, ब्रिक्स बघायचा, पोल काढायचा, नोंदवहीत आकडे भरायचे. डोकं आकड्यांत असतं, पण चहाच्या सुटीत आणि पाळी सुटल्यावर गाडीत एखादी कविता पुरी होते. ब्राऊनिंगची ‘माय लास्ट डचेस’ मी अशीच वाचली. 1842 साली आलेली ही कविता अवघ्या 56 ओळींची. एक सरदार आलेल्या पाहुण्याला भिंतीवरचं आपल्या मृत बायकोचं चित्र दाखवतोय, बस, एवढंच घडतं. सगळं तोच बोलतो. ती कुणाशीही हसून बोलायची, कुणी फळांची डहाळी आणून दिली तरी खूश व्हायची, आणि हे त्याला खपत नव्हतं. बोलता बोलता, आवाज जराही न चढवता, तो आपण तिचा बंदोबस्त केल्याचं सुचवून पुढं जातो, आणि मग उलगडतं की समोरचा पाहुणा दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला आलेला मध्यस्थ आहे. कवी मध्ये कुठंही पडत नाही. आरोपी स्वतःच साक्ष देतो, निकाल वाचणाऱ्यानं द्यायचा. याला इंग्रजीत ड्रामॅटिक मोनोलॉग म्हणतात हे पाठ्यपुस्तकातून कळलं. पण तो निकाल माझ्या मनात हळूहळू, एका पाळीतून दुसऱ्या पाळीत जाता जाता पक्का होत गेला. वर्गात तासाभरात कविता ‘झाली’ असती तर असं मुरणं झालं असतं का, मला शंका आहे.

कादंबऱ्या मात्र बंद हंगामातल्या. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ वाचताना प्रस्तावनेतून कळलं, की डिकन्सनं ती 1 डिसेंबर 1860 पासून पुढच्या ऑगस्टपर्यंत आपल्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात दर आठवड्याला थोडी थोडी छापली. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ 1871-72मध्ये आठ भागांत आली. कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ 1899 साली मासिकात तीन हप्त्यांत. आपले हरिभाऊ आपटेही ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 साली सुरू केलेल्या ‘करमणूक’मधून क्रमशः देत होते. मग माझ्या लक्षात आलं, की या कादंबऱ्या दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी दिव्याशी बसणाऱ्या माणसांसाठी लिहिलेल्या आहेत. पुढचा हप्ता येईपर्यंत पात्रं त्यांच्या घरात वावरत, त्यांच्यावर वाद होत. पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्रात आठ-नऊ कादंबऱ्या रेटाव्या लागतात. नोकरीतला विद्यार्थी त्या मुळात जशा वाचल्या गेल्या तशा वाचतो. अर्धवेळ अभ्यास म्हणजे अर्धा अभ्यास, असं जे सर्रास धरलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. वाङ्मयाच्या बाबतीत तर नाहीच.

‘मिडलमार्च’ मला का भिडली ते सांगतो. तिच्या अठराव्या प्रकरणात गावच्या दवाखान्यासाठी पगारी धर्मगुरू नेमायचा आहे. उमेदवार दोन. लिडगेट हा नवा, हुशार डॉक्टर. त्याला मनातून फेअरब्रदर आवडतो, आणि त्या माणसाला पैशाची निकडही आहे. पण गावचा सावकार-बँकर बुलस्ट्रोड दुसऱ्या उमेदवाराच्या, टाइकच्या, बाजूचा, आणि लिडगेटला हवं असलेलं नवं रुग्णालय बुलस्ट्रोडच्या हातात. लिडगेट सभेला उशिरा पोहोचतो तेव्हा मतं समसमान पडलेली असतात. कुणीतरी बोलून दाखवतं, की याचं मत कुठं जाणार ते ठाऊकच आहे. तो टोमणा झोंबतो, आणि तरीही चिठ्ठीवर तो टाइकचंच नाव लिहितो. ज्यानं सहकारी संस्थांची पॅनेलं, संचालकांच्या निवडणुका आणि त्यात वाकलेली चांगली माणसं जवळून बघितली आहेत, त्याला हे प्रकरण समजावून सांगायला कुठल्याही गाइडची गरज नाही. लिडगेट वाईट नाही. त्याचं काम खरंच चांगलं आहे, म्हणून तर तो वाकतो. पेपरात यावर प्रश्न आला असता तर मी पुरवण्या लावल्या असत्या.

गाइडांबद्दल मात्र कडक बोललं पाहिजे. असाइनमेंटची तयार उत्तरं बाजारात सर्रास मिळतात, आणि ती उतरवून काढली की 30 टक्क्यांची सोय होते. पण वर्षभरात कुणी आपलं लिखाण वाचून शेरा मारणार असेल तर तो याच कागदांवर. ती संधी विकत घेतलेल्या उत्तरांवर घालवू नये.

एकटेपणा हीच या वाटेवरची खरी अडचण आहे. अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशी मार्गदर्शनाचे तास होतात, पण येणारे मोजकेच. आमच्यात एक जिल्हा परिषद शाळेतल्या बाई होत्या, एक नर्स आणि प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा. ‘हॅम्लेट’ आम्ही आळीपाळीनं मोठ्यानं वाचलं, आणि बाईंनी आगरकरांनी केलेलं त्याचं 1883चं मराठी रूपांतर ‘विकारविलसित’ आणलं होतं, तेही शेजारी ठेवलं. समीक्षेच्या पेपराला मी विंदांचं ‘अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ आधी वाचलं आणि मगच इंग्रजीकडं वळलो. या पेपरात भारतीय काव्यशास्त्रही आहे. रस ही गोष्ट मराठी माणसाला परकी नसते, तिथून सुरुवात केली की देरिदापर्यंतची चढण सोपी जाते. दुसरी अडचण हाताची. तीन तास सलग लिहायची सवय नोकरीत मोडलेली असते. मी एप्रिलपासून रोज घड्याळ लावून उत्तरं लिहायचो.

या पदवीचा उपयोग काय, हेही स्पष्ट असावं. मुक्त आणि दूरस्थ पद्धतीनं घेतलेली मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं सप्टेंबर 2022मध्ये जाहीर केलं आहे. एम. ए.ला 55 टक्के असतील तर नेटला बसता येतं, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. इंग्रजी बोलणं सुधारावं म्हणून कुणी हा खटाटोप करणार असेल तर त्यानं सरळ संभाषणाचा वर्ग लावावा. आणि कारखान्यात बढती मिळेल म्हणून करणार असेल, तर ती मिळत नाही.

विचारायला येणाऱ्यांना मी पेपरांचा क्रम सांगतो. पहिल्या जूनला कविता आणि नाटक, कादंबरीला स्वतंत्र वर्ष, समीक्षा ऐच्छिक विषयांच्या आधी. ऐच्छिकांत भारतीय इंग्रजी साहित्य घ्यावं. आणि नेमलेलं असो वा नसो, त्यासोबत कोलटकरांचं 1976चं इंग्रजी ‘जेजुरी’ वाचावं, आणि ते वाचून एकदा जेजुरीचा गड चढून यावं. मी या पावसाळ्यात चढणार आहे, त्या बाई आणि नेटवाला मुलगाही सोबत आहेत.